विष गटारात अडवायचे की हौदातच टाळायचे?

सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चादर देशभर जाते, टॉवेल परदेशी जातो. चादरीवरच्या नक्षीचे कौतुक सगळे करतात. पण सूत रंगवून झाल्यावर हौदात उरलेले पाणी कुठे जाते, हे फारसे कोणी विचारत नाही. पाणी उताराने जाते. आणि शहराच्या उताराला, नाल्याच्या काठाला कोणाची घरे असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आरोग्याच्या पानावर रंग-रसायनांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. डाईंगमध्ये हेल्परचे काम करणाऱ्याला लागलेला दमा, कॉस्टिकने भाजलेला हात, नाल्याकाठच्या बोअरला येणारे खारट पाणी, भंगारातून आणलेल्या निळ्या बॅरलमध्ये भरलेले प्यायचे पाणी, हे सगळे आरोग्याचेच प्रश्न आहेत. त्यावर नुसते औषधगोळ्या घेऊन भागत नाही, कारण त्यांचे मूळ आपल्या घरात नाही, रंगाच्या हौदात आहे.

आजवर आपल्या मागण्या ठरलेल्या आहेत. नाला साफ करा, गटार झाका, सांडपाण्यावर प्रक्रिया करा, कामगाराला हातमोजे द्या. या मागण्या बरोबरच आहेत, त्या सोडायच्या नाहीत. पण त्या सगळ्या विष तयार झाल्यानंतरच्या आहेत. माझे म्हणणे असे की आपला पहिला प्रश्न त्याच्या आधीचा असला पाहिजे. हे रसायन हौदात टाकायलाच हवे का? तेच काम कमी घातक रसायनाने, कमी पाण्यात, कमी मिठात होत नाही का? आणि होत असेल तर ते का केले जात नाही?

रंग चढतो किती, वाहतो किती

सुती टॉवेल रंगवायला आज बहुतेक ठिकाणी रिअ‍ॅक्टिव्ह जातीचे रंग वापरतात. हा रंग धाग्याला पक्का धरून बसतो, म्हणून धुण्यात सहज जात नाही. पण हौदात टाकलेला सगळाच रंग धाग्याला लागत नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावतो आणि निकामी होतो. साध्या प्रतीच्या रंगात शंभर ग्रॅममधले वीस ते चाळीस ग्रॅम असे वाया जातात. म्हणजे मालकाने पैसे मोजून रंग आणायचा आणि त्यातला चौथा-तिसरा हिस्सा गटारात सोडायचा, असा हा व्यवहार आहे.

हा रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागते. गडद रंग असेल तर एक लिटर पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम मीठ घालतात. हिशेब केला तर एक किलो मालामागे सुमारे अर्धा किलो मीठ होते. ते कापडात राहत नाही, सगळे सांडपाण्यात उतरते. त्यावर सोडा, कॉस्टिक, साबण आणि पुन्हा पुन्हा धुण्याचे पाणी. सफाई, ब्लिचिंग, रंगाई आणि धुणी मिळून एक किलो सुती मालाला साधारण ७० ते १५० लिटर पाणी लागते. चारशे ग्रॅमचा एक टॉवेल म्हणजे जवळजवळ तीन हंडे पाणी. ज्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्या शहरात हा हिशेब प्रत्येक घराने एकदा करून पाहावा.

हे पाणी महापालिकेच्या गटारात गेले तर पुढे काय होते? मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र जिवाणूंच्या जोरावर चालते. जिवाणू मैला खातात, मीठ खात नाहीत. विरघळलेले मीठ जसे आले तसेच पुढे जाते. रंगही बराचसा टिकून राहतो, कारण उन्हात आणि धुण्यात टिकावा म्हणूनच तो बनवलेला असतो. सोलापूरचे नाले शेवटी सीना-भीमेच्या खोऱ्यात उतरतात. सीना हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. आपल्या वस्तीच्या नाल्यातून गेलेले खारे पाणी पुढे दुसऱ्या कोणाच्या शेतात आणि विहिरीत मुरते.

मीठ एकदा पाण्यात मिसळले की ते परत काढणे फार महागात पडते. म्हणून सगळ्यात स्वस्त पडते ते हौदात न टाकलेले मीठ.

भोपाळने शिकवलेली, पण कमी सांगितली जाणारी गोष्ट

हा विचार रंगकामापुरता नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे गेली. सर्वांत आधी मेली ती कारखान्याला लागून असलेल्या गोरगरिबांच्या वस्त्यांतली. वायू थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, बचावाची साधने निकामी होती, हे आपण बहुतेकांनी ऐकले आहे. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. तेच कीटकनाशक हा वायू न बनवताही तयार करता येत होते. कच्चा माल तोच, फक्त क्रिया करण्याचा क्रम वेगळा. ही कंपनी स्वतःच पूर्वी त्या मार्गाने ते बनवत होती. पुढे किफायतीसाठी दुसरा मार्ग घेतला गेला आणि हे जहाल रसायन टनावारी टाक्यांत साठवून ठेवले गेले.

म्हणजे भोपाळचे मरण फक्त बिघडलेल्या झडपेत नव्हते. ते कारखान्याच्या आराखड्यातच होते. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश अभियंत्याने दुर्घटनेच्या काही वर्षे आधीच सांगून ठेवले होते की जे साठवलेच नाही ते गळणार नाही. १९९८ साली पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी असा सगळा विचार एकत्र करून हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यातले पहिलेच तत्त्व असे आहे की घाण करून मग ती निस्तरण्यापेक्षा ती होऊच न देणे बरे. पुढची तत्त्वे सांगतात की कमी विषारी पदार्थ निवडा, कच्चा माल वाया घालवू नका, आणि अपघात झालाच तर माणसे मरू नयेत अशीच रसायने वापरा.

बुद्धाने उपासकांना जे पाच व्यापार करू नका म्हणून सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. आपण याचा अर्थ विषाची बाटली विकणे एवढाच घेतो. पण ज्या धंद्यात विषाशिवाय काम होऊ शकते आणि तरीही केवळ दोन पैसे वाचतात म्हणून विष वापरले जाते, तोही विषाचाच व्यापार. मात्र हौदात हात घालणारा मजूर त्या व्यापाराचा धनी नव्हे. तो त्याचा पहिला बळी आहे.

बंदी आली ती कोणासाठी?

रंगांच्या विषाची माहिती नवी नाही. १८९५ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे दाखवून दिले. पुढे बेन्झिडिनसारखी अमाइन गटातली रसायने यामागे आहेत, हे सिद्ध झाले. तरीही ती असलेले रंग जगभर दशकानुदशके वापरात राहिले.

बंदी केव्हा आली? जर्मनीने १९९४ साली कायदा करून अशी घातक अमाइन सोडणारे अ‍ॅझो रंग अंगाला लागणाऱ्या कापडात वापरायला मनाई केली. भारताचे कापड जर्मनीला जात होते. म्हणून मग आपल्याकडेही १९९० च्या दशकात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अशा ११२ रंगांवर बंदी आली. बंदी चांगलीच झाली. पण क्रम लक्षात घ्या. हौदाशी उभा राहणारा कामगार शंभर वर्षे आजारी पडत होता, तेव्हा रंग बदलला नाही. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या कातडीचा प्रश्न आला, तेव्हा लगेच पर्यायी रंग सापडले. पर्याय तेव्हाही होते आणि आजही आहेत. कोणाचा जीव मोजायचा, यावर ते बाजारात येणे न येणे ठरते.

आजही परदेशी पाठवायच्या मालाची चाचणी होते, कारण तिथला खरेदीदार कागद मागतो. तोच कागद आपल्या बाजारात, आपल्या कामगाराने आणि आपल्या वस्तीने का मागू नये?

"मग आमचे काम जाईल"

ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचे उदाहरण बघा. बनियन-टीशर्टच्या त्या गावातल्या डाईंगचे पाणी नोय्यल नदीत गेले. त्या नदीवर शेतीसाठी बांधलेले ओराथुपलायम धरण रंगाच्या खाऱ्या पाण्याने भरले आणि ते पाणी आमच्या शेतात सोडू नका, असे शेतकरीच म्हणू लागले. प्रकरण न्यायालयात गेले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये असा आदेश झाला, तो पाळला गेला नाही, आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथली शेकडो डाईंग बंद करायला लावली. नदी नासवली मालकांनी आणि ताबडतोब काम गेले मजुरांचे.

पुढे तिथे सांडपाणी गाळून, आटवून, पाणी आणि मीठ परत वापरायची केंद्रे उभी राहिली. हे मोठे काम आहे. पण पाणी आटवायला भरपूर वीज आणि इंधन लागते, खर्च वाढतो, आणि शेवटी उरलेल्या गाळाचे व मिठाचे काय करायचे हा प्रश्न राहतोच. तिरुप्पूरचा धडा माझ्या मते असा आहे. सुरुवातीला हौदात काय टाकायचे याचा विचार केला नाही, तर शेवटी एकतर नदी मरते, नाहीतर कारखाना बंद पडतो. दोन्हींची झळ वस्तीलाच लागते. म्हणून आपली मागणी 'डाईंग बंद करा' ही नसावी. 'डाईंग बदला' ही असावी.

बदलता येते काय?

बरेच काही, आणि त्यातले पुष्कळ छोट्या मालकालाही झेपणारे आहे.

एक, ब्लिचिंग. क्लोरीनच्या ब्लिचिंगऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड. काम झाल्यावर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन होते. अनेक ठिकाणी हे आधीच सुरू आहे. तीव्र पेरॉक्साइडने कातडी भाजते, म्हणून हातमोजे लागतातच. पण क्लोरीनचा वायू छातीत जात नाही आणि नाल्यात क्लोरीनचे घातक अवशेष उतरत नाहीत.

दोन, रंगाची जात. धाग्याला एका ऐवजी दोन जागी पकडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मिळतात. त्यांतला ऐंशी टक्क्यांहून अधिक रंग कापडावर चढू शकतो. कमी मिठात चालणारे रंगही आहेत. रंगाचा भाव जास्त असतो, पण वाया जाणारा रंग, धुण्याचे पाणी आणि मीठ वाचते. हिशेब पूर्ण मांडला पाहिजे, नुसता किलोचा भाव बघून चालत नाही.

तीन, पद्धत. सुती कापड रंगाच्या द्रावणातून पिळून काढून गुंडाळून ठेवायचे आणि बारा-चोवीस तास थंडच राहू द्यायचे, अशी कोल्ड पॅड बॅच नावाची पद्धत आहे. तिला मीठ लागत नाही, वाफ फार लागत नाही, पाणीही कमी लागते. सुताच्या लड्यांना ती चालत नाही, त्यांना कमी पाण्यात चालणारी मशीन लागतात.

चार, रंगाची पूड. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची बारीक पूड श्वासातून गेली की काहींना कायमचा दमा जडतो. तोच रंग दाणेदार किंवा पातळ स्वरूपात घेतला तर पूड उडतच नाही. मजुराच्या तोंडाला फडके बांधण्यापेक्षा हा उपाय कितीतरी पक्का.

पाच, हायड्रो. व्हॅट रंग विरघळवायला हायड्रो वापरतात. ओलावा लागला की तो तापतो, पेट घेतो, आणि घसा जाळणारा वायू सोडतो. काही रंगांसाठी त्याच्या जागी ग्लुकोज वापरता येते. पूर्वी आपल्या देशात नीळ रंगवणारे काही ठिकाणी हौदात चुन्याबरोबर गूळच घालीत. सगळ्याच रंगांना हे जमत नाही, पण जिथे जमते तिथे करायला काय हरकत आहे?

यासाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न मालक विचारतात. छोट्या मालकाची अडचण खोटी नाही. पण राज्य सरकारने २०२३ ते २०२८ साठी केलेल्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच 'एकात्मिक व शाश्वत' असे शब्द आहेत. सरकारी मदत नव्या यंत्राला मिळते, तशी ती आधी या बदलाला मिळाली पाहिजे. शाश्वत राहायचा तो फक्त धंदा नव्हे. नाल्याकाठचा माणूसही राहिला पाहिजे.

आपण काय मागायचे?

१. प्रत्येक डाईंगमध्ये कोणती रसायने वापरली जातात, त्यांची नावे, धोके आणि प्रथमोपचार मराठीत आणि कामगारांना कळणाऱ्या इतर भाषांत भिंतीवर लावावेत. कन्नड आणि तेलुगू बोलणारे कामगार आपल्या शहरात खूप आहेत. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला अशी माहिती मिळण्याचा हक्क मिळाला. नव्या सुरक्षा संहितेतही तो आहे. लहान जागेत पाच-दहा माणसे काम करतात तिथे कायद्याची पकड सुटते. म्हणून तिथेच वस्तीने लक्ष ठेवायला हवे.

२. परवानगी देताना प्रदूषण नियंत्रण मंडळाने 'सांडपाणी कसे साफ करणार' याबरोबर 'कोणते रसायन बदलणार' हेही विचारावे. मंडळाचे कार्यालय सोलापुरात आहे. कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातल्या अटी माहिती अधिकारात मागता येतात. चार घरांनी मिळून एक अर्ज करायला फार खर्च येत नाही.

३. कामगारांची दरवर्षी फुकट तपासणी व्हावी, त्यात फुफ्फुसांची आणि लघवीची तपासणी असावी, आणि अहवाल कामगाराच्या हातात मिळावा.

४. डाईंग बदलताना किंवा काही काळ बंद ठेवताना मजुरी बुडू नये, ही अट मदतीबरोबरच घालावी.

तोवर घरात एवढे पाळा

पाणी साठवायला भंगारातले निळे बॅरल घेऊ नका. त्यात आधी काय होते हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. कितीही घासले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन निघत नाही. प्यायला तर नाहीच, अंघोळीलाही नको.

डाईंगमधून आलेले कपडे दारातच उतरवा, झटकू नका, लेकरांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

डोळ्यात किंवा कातडीवर कॉस्टिक उडाले तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि मग दवाखाना गाठा. लिंबू, व्हिनेगर, हळद काही लावू नका.

संडास साफ करायचे अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन निघतो. सफाईचे काम करणाऱ्या भावा-बहिणींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रंगकाम केलेल्या माणसाला लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच जावो आणि दुखो वा न दुखो, तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका. मूत्राशयाचा कर्करोग काम सोडल्यावर वीस-पंचवीस वर्षांनीही दिसू शकतो. सिव्हिलमध्ये किंवा ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना आपण कोणते काम, किती वर्षे केले ते सांगा. डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगायचे.

शेवटी मुलामुलींसाठी एक गोष्ट. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा कापडाचे रसायनशास्त्र त्यात पहिल्यापासून होते. आज ती स्वतंत्र संस्था आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले प्राध्यापक गणपती यादव तिचे पहिले कुलगुरू झाले आणि हरित रसायनशास्त्रातल्या कामासाठी ओळखले गेले. आपल्या वस्तीतली मुले-मुली बी.एस्सी. केमिस्ट्री करतात आणि पुढे नोकरी नाही म्हणून बसून राहतात. हौदात काय टाकावे हे ठरवणाऱ्या खुर्चीत त्यांच्यातले कोणी बसले, तर नाल्याकाठी कोण राहते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

तोवर प्रश्न आपणच विचारायचा. पुढच्या निवडणुकीला कोणी मते मागायला आले आणि नाला बांधून देतो म्हणाले, तर त्यांना म्हणावे, नाला जरूर बांधा. पण आधी सांगा, त्यात येणार काय आहे?